मात होती

रायपूरच्या तात्यापारा भागातील एका जुन्या घराच्या ओसरीवर बुद्धिबळाचा लाकडी पट अजूनही मांडलेला असतो. घरातील माणसे मूळची नागपूरकडची. भोसल्यांच्या राजवटीपासून छत्तीसगडात मराठी कुटुंबे येत राहिली. पुढे १९५६ पर्यंत रायपूरचा कारभार नागपुराहूनच चालत असल्यामुळे नोकरीच्या निमित्ताने आणखी आली आणि येथलीच झाली. या घरातील आजोबाही तसेच. आयुष्यभर त्यांनी एका कार्यालयात हिशेब लिहिले. बेरीज चुकली की ती सापडेपर्यंत जेवायचे नाही, हा त्यांचा शिरस्ता होता. एक बेरीज मात्र त्यांच्याकडे जवळजवळ चाळीस वर्षे चुकलेलीच पडून होती.

१९८६ सालच्या दिवाळीतील ती गोष्ट. थोरल्या भावाशी, म्हणजे दादाशी, त्यांचा डाव रंगला होता. त्याच दिवसांत घराच्या वाटणीचा विषय निघालेला असल्यामुळे दोघेही बोलत कमी होते आणि खेळत अधिक होते. पांढरी मोहरी धाकट्याकडे, काळी दादाकडे. धाकट्याचा एक हत्ती आधीच गेला होता. परंतु दादाचा राजा कोपऱ्यात अडकला होता आणि तेथे काहीतरी आहे, हे धाकट्याला जाणवत होते. त्याने मोठ्या आवेशाने आपला वजीर थेट राजाशेजारी नेऊन ठेवला. दादाने हत्तीने वजीर मारला असता तर पुढच्याच चालीला घोड्याने मात झाली असती. दादाने हत्ती हलवलाच नाही. शांतपणे राजानेच वजीर मारला. डाव संपला. मोहरी आवरताना दादा म्हणाला, "मात होती रे. तुला दिसली नाही."

धाकट्याला तो टोमणा वाटला. जिंकणाऱ्याने हरणाऱ्याला असे का सांगावे? त्यानंतर वाटणी झाली, दादा बिलासपूरला राहायला गेला, सणावाराला येत-जात राहिला. परंतु दोघांनी पुन्हा एकमेकांसमोर पट मांडला नाही. दादा आता नाही.

आजोबांना ती स्थिती पाठ होती. कोणाला पट मांडून पाहायचा असेल तर तो असा मांडावा. पांढऱ्याचा राजा जी१ या घरात, वजीर सी४, घोडा जी५ आणि प्यादी एफ२, जी२ व एच२. काळ्याचा राजा एच८ या कोपऱ्याच्या घरात, वजीर बी२, हत्ती ए८ आणि प्यादी जी७ व एच७. चाल पांढऱ्याची. काळ्या राजाच्या शेजारचे जी८ हे घर रिकामे आहे आणि पांढऱ्या वजिराची तिरकी नजर नेमकी त्याच घरावर आहे. अनेक रात्री आजोबांनी हा पट मनात मांडला होता. प्रत्येक वेळी वजीर राजाशेजारी जाई, प्रत्येक वेळी राजा त्याला मारी, आणि दादा खोटे बोलला असावा, अशा निष्कर्षाने झोप लागे.

२०२५ च्या जुलै महिन्यात नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातील बातुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हा या घरातही बुद्धिबळाचे वारे शिरले. संगणकशास्त्र शिकणारी नात रोज आजोबांसमोर बसू लागली. एका संध्याकाळी आजोबांनी काही न सांगता तिच्यासमोर १९८६ ची ती स्थिती मांडली. तिने थोडा विचार केला, मग सवयीने ती फोनमध्ये भरली. स्टॉकफिश नावाचा कोणालाही विनामूल्य वापरता येणारा प्रोग्राम त्यात होता. पापणी लवण्याच्या आत उत्तर आले : चार चालींत मात.

"चाल सांगू नकोस," आजोबा हात वर करून म्हणाले. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "इतक्या लवकर याला कसे कळले? साऱ्या चाली तपासल्या का याने?"

प्रश्न अगदी हिशेबनिसाचा होता. त्या स्थितीत पांढऱ्याला नियमाने करता येतील अशा चाली मोजल्या तर त्या ३९ भरतात. बुद्धिबळाच्या मधल्या डावात एका वेळी सरासरी ३५ चाली शक्य असतात, असे ढोबळमानाने धरले जाते. चार चालींत मात म्हणजे पांढऱ्याच्या चार आणि मधल्या काळ्याच्या तीन, अशा सात चाली. पस्तीसला पस्तीसने असे सात मजले गुणत गेले, तर सहा हजार चारशे कोटींहून अधिक क्रम होतात. एकेक क्रम तपासायला एकच सेकंद लागला तरी माणसाला दोन हजार वर्षे पुरणार नाहीत. यंत्र वेगवान असते हे खरे. परंतु केवळ वेगावर हे काम भागत नाही. मँचेस्टर येथे डीट्रिख प्रिंट्झ यांनी नोव्हेंबर १९५१ मध्ये त्या काळच्या अवाढव्य संगणकाला दोन चालींतील मात शोधायला लावली होती. शक्य त्या सर्व चाली क्रमाने करून पाहायच्या, हीच त्यांची रीत होती. तेवढ्या लहानशा कोड्याला सुमारे पंधरा मिनिटे लागली. आणखी दोन चालींनी कोडे वाढले असते, तर ते यंत्र वर्षानुवर्षे चालत राहिले असते.

मग कमी श्रमात मात सापडते कशी? नातीने समजावले ते असे. अटळ मात आहे असे म्हणताना आपण दोन प्रकारची विधाने करीत असतो. आपल्या पाळीला 'अशी एक तरी चाल आहे' असे म्हणतो. प्रतिस्पर्ध्याच्या पाळीला 'त्याची कोणतीही चाल असो' असे म्हणतो. आपल्या ३९ चालींपैकी एक चांगली सापडली की पुरे, उरलेल्या ३८ कडे पाहण्याचीही गरज नाही. समोरच्याच्या बाबतीत मात्र एकही उत्तर सोडून चालत नाही. साहजिकच सारा खर्च समोरच्याच्या उत्तरांवर होतो. ज्या वाटेवर त्याला उत्तरे कमी, ती वाट आधी धरावी, हे यातून ओघानेच येते.

म्हणून मात शोधणारा प्रोग्राम प्रथम शह पाहतो. शह मिळालेल्याला फक्त तीनच मार्ग असतात : राजा हलवणे, शह देणारे मोहरे मारणे किंवा मध्ये काही घालणे. बाकी साऱ्या चाली त्याला निषिद्ध होतात. दादांच्या त्या डावात ३९ चालींपैकी शह देणाऱ्या चाली केवळ तीन आहेत. वजिराने शेवटच्या ओळीत सी८ या घरातून शह देता येतो. वजिराने थेट राजाशेजारी जी८ मध्ये शह देता येतो. आणि घोड्याने एफ७ मधून शह देता येतो. पहिल्या शहाला काळ्याचे उत्तर एकच, हत्तीने वजीर मारणे. दुसऱ्याला दोन उत्तरे. तिसऱ्याला पुन्हा एकच.

येथे आजोबा गप्प झाले. दुसरा शह हा त्यांचाच होता. त्याला दोन उत्तरे आहेत, हे त्यांना त्या दिवशी खेळतानाही माहीत असायला हवे होते. त्यांनी मात्र एकाच उत्तराचा विचार केला होता. हत्ती मारील, मग घोडा मात देईल. मात देणारा फाटा इतका सुंदर होता की दुसऱ्या फाट्याकडे लक्षच गेले नाही. यंत्राला सौंदर्याची भूल पडत नाही. दोन उत्तरांपैकी एक जरी निसटले तरी ती चाल त्याच्या लेखी बाद होते. बाद ठरवायला एकच पुरावा लागतो, हे त्याचे दुसरे काटकसरीचे सूत्र. राजाने वजीर मारला की पांढऱ्याकडे एक घोडा आणि तीन प्यादी उरतात. पुढे काय होते हे पाहण्यात वेळ घालवायचा नाही. एखादी चाल एका उत्तराने मोडली की तिची बाकीची उत्तरे तपासायची नाहीत, एवढ्या साध्या नियमाने केवढी बचत होते, हे डोनाल्ड क्नुथ आणि रोनाल्ड मूर यांनी १९७५ मध्ये गणिताने दाखवून दिले. चाली योग्य क्रमाने घेतल्या गेल्या, तर आपले सहा हजार कोटींचे काम सुमारे पंधरा लाखांवर येते.

पुढची युक्ती मात्र जणू हिशेबनिसांसाठीच निघाली असावी. १९९४ मध्ये व्हिक्टर ॲलिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेदरलँड्समध्ये ती मांडली. त्यांनी प्रत्येक स्थितीच्या नावावर एक आकडा लिहिला. येथून मात सिद्ध करायची तर अजून कमीत कमी किती स्थिती सिद्ध कराव्या लागतील, हे तो आकडा सांगतो. आपल्या पाळीला निरनिराळ्या चालींपैकी सर्वांत लहान आकडा घ्यायचा, कारण एकच पुरे आहे. प्रतिस्पर्ध्याच्या पाळीला साऱ्या उत्तरांच्या आकड्यांची बेरीज करायची, कारण सर्वच लागणार आहेत. मात झालेल्या स्थितीचा आकडा शून्य; तेथे काही देणे उरत नाही. जेथे मात नाहीच असे ठरले, तेथील आकडा अनंत. ते कर्ज कधीच फिटणार नाही. मात होत नाही हे सिद्ध करण्यासाठीही असाच उलटा आकडा ठेवलेला असतो. यंत्र दर वेळी सर्वांत स्वस्त वाटेच्या टोकाला जाते, तेथे एक पाऊल पुढे पाहते, नवे आकडे लिहिते आणि त्यांची दुरुस्ती पायरीपायरीने वरपर्यंत नेते. वाट महाग झाली तर ती तशीच ठेवून दुसरी धरते.

"म्हणजे खातेवही," आजोबा म्हणाले.

"हो, आणि रोज जुळवलेली," नात म्हणाली.

तिने सी८ मधील शहाचा हिशेब त्यांना करून दाखवला, कारण त्या वाटेला आरंभी एकच उत्तर होते आणि ती स्वस्त वाटत होती. हत्तीने वजीर मारला. मग घोड्याचा एफ७ मधून शह, राजा शेजारच्या घरात. मग घोड्याचा एच६ मधून शह, आणि आता काळ्याला एकदम तीन उत्तरे : प्याद्याने घोडा मारणे, राजा कोपऱ्यात नेणे किंवा दुसऱ्या बाजूला नेणे. वजीर गेलेला असल्यामुळे पुढे काही होण्यासारखे नाही. आकडा वाढला, वाट सोडली. तिसऱ्या शहाचा हिशेब तिने केला नाही. तो आजोबांसाठी ठेवला.

शह आधी पाहावेत हे उत्तम; शहच पाहावेत, असे मात्र म्हणता येत नाही. याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण आपल्याच देशातून गेले आहे. हिंदुस्थानात राहणारे इंग्रज पाद्री हेन्री ऑगस्टस लव्हडे यांचे एक कोडे १८४५ मध्ये इंग्लंडमधील बुद्धिबळाच्या मासिकात छापून आले आणि जगभर 'भारतीय कोडे' म्हणूनच ओळखले गेले. चार चालींत मात करायची आहे. परंतु निर्णायक चालींत शह नाही. पांढरा आपला उंट मागे, दूरच्या टोकाला नेतो. मग हत्ती मुद्दाम त्याच्या वाटेत आणून ठेवतो, म्हणजे कोंडलेल्या काळ्या राजाला हलायला एक घर मिळते. राजा त्या घरात पाऊल टाकतो, हत्ती बाजूला सरकतो आणि मागे दडलेल्या उंटाची वाट उघडून मात होते. शत्रूला एक घर मोकळे करून देणे, हीच येथील युक्ती होय. शहापुढे न पाहणारा प्रोग्राम हे कोडे कितीही वेळ दिला तरी सोडवू शकणार नाही. आकड्यांची रीत असल्या शांत चालीही सोडत नाही. त्यांना उत्तरे पुष्कळ म्हणून त्यांचा आकडा मोठा, एवढेच. स्वस्त वाटा संपल्या की त्यांची पाळी येते. सामने खेळणारे प्रोग्राम काही फांद्या अंदाजानेच छाटून टाकतात, त्यामुळे अशा शांत आणि लांब कोड्यांत ते कधी कधी चकतात. म्हणून निव्वळ कोडी सोडवणारे प्रोग्राम वेगळे ठेवावे लागतात. जपानी बुद्धिबळात तर १५२५ चालींचे एक कोडे आहे. तेही १९९० च्या दशकात याच जातीच्या शोधाने यंत्राकडून सुटले.

अटळ मात शोधण्याचा नाद काही यंत्रांपासून सुरू झालेला नाही. मुंबईत १८१४ साली त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचे बुद्धिबळावरील इंग्रजी पुस्तक छापले गेले. त्यांच्याच 'विलासमणिमंजरी' या संस्कृत ग्रंथावरून ते केलेले होते, आणि त्यात मुख्यतः अशाच स्थिती आहेत : पट मांडलेला, चाल ठरलेली, आणि इतक्या चालींत मात करून दाखवा. आपल्याकडे प्याद्याने केलेली मात विशेष मानाची समजली जाई, त्यामुळे काही कोड्यांत शेवटचा घाव प्याद्यानेच घालण्याची अट आहे. अशी अट घालणाऱ्या माणसाने समोरच्याची सारी उत्तरे मोजलेली असलीच पाहिजेत. त्यावाचून अट पाळता येत नाही. प्रत्यक्ष सामन्यांत मात्र मात क्वचितच पाहायला मिळते. सप्टेंबर २०२२ मध्ये रायपूरला मुख्यमंत्री चषकाची आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली तेव्हा आजोबा ती पाहायला गेले होते आणि काहीसे हिरमुसून परतले होते. मोठे खेळाडू हार दिसताच हात मिळवून उठतात. मात पटावर होतच नाही. दोघांच्या मनात होऊन जाते.

त्या रात्री आजोबांनी पट जवळ घेतला नाही. त्यांनी एक जुनी हिशेबाची वही काढली आणि तिच्या कोऱ्या पानावर उभ्या दोन रेघा मारल्या. डावीकडे आपली चाल, उजवीकडे दादाची सारी उत्तरे. हा स्तंभ त्यांनी आयुष्यात प्रथमच मांडला होता.

घोडा एफ७ मध्ये, शह. दादाचे उत्तर एकच : राजा शेजारच्या जी८ मध्ये. वजिराची नजर त्या घरावर आहे खरी, परंतु मध्ये आता घोडा उभा आहे. पुढे घोडा तेथून उठून एच६ मध्ये जातो. घोड्याचा शह आणि मोकळ्या झालेल्या वजिराचा शह, दोन्ही एकाच वेळी. दुहेरी शहात एक मोहरे मारून भागत नाही. राजालाच हलावे लागते. दादाची उत्तरे दोन. पहिले, राजा एफ८ मध्ये : मग वजीर एफ७ मध्ये, त्याला घोड्याचा आधार, मात. आजोबांनी या ओळीपुढे बेरीज संपल्याची दुहेरी रेघ मारली. दुसरे, राजा पुन्हा कोपऱ्यात. येथे ते बराच वेळ थांबले. पट पूर्वीसारखाच दिसत होता. फक्त घोडा जी५ ऐवजी एच६ मध्ये आला होता. मग त्यांच्या लक्षात आले, की एच६ मधल्या घोड्याची नजर जी८ या घरावर आहे. वजीर आता तेथे गेला, तर राजाला त्याला मारता येणार नाही. हत्तीलाच मारावे लागेल. हत्ती तेथे आला की राजाचे उरलेले एकमेव घरही त्याच्याच हत्तीने अडवलेले, पुढे त्याचीच प्यादी. आणि घोडा परत एफ७ मध्ये.

वजिराची चाल चुकलेली नव्हती. ती दोन चाली आधी झाली होती.

स्वतःच्या माणसांनी कोंडलेल्या राजाला घोड्याने दिलेली ही मात स्पेनमधील लुसेना यांच्या १४९७ च्या पुस्तकातही आहे. म्हणजे १९८६ च्या दिवाळीपर्यंत ती पाचशे वर्षांची होत आली होती. आजोबांनी वहीत पाहिले. दोन्ही बाजूंच्या, दोन्ही फाट्यांच्या मिळून चाली किती झाल्या? नऊ. सहा हजार कोटींच्या रानात खरी वाट नऊ पावलांची होती, आणि ती दादाला पटाच्या पलीकडच्या बाजूने दिसली होती. स्वतःचा राजा कोंडला जाताना पाहणाऱ्याला बहुधा ती आधी दिसत असावी. डाव चालू असताना तो बोलला नाही, हे खेळाला धरून झाले. संपल्यावर बोलला, तेही धरूनच झाले.

पहाटे नात उठली तेव्हा ओसरीवर पट मांडलेला होता. आजोबांनी नऊही चाली तिला करून दाखवल्या. तिने फोन काढला नाही. शेवटचा घोडा ठेवून झाल्यावर त्यांनी सारी मोहरी पुन्हा होती तशी लावली, पट अर्धा फिरवला आणि काळी बाजू स्वतःकडे घेतली.

"आता तू मला दे," ते म्हणाले.

नातीने घोडा उचलला.